लक्झरी गाडीचे एअर सस्पेन्शन : कंपनीचा पार्ट घ्यावा की बाजारातला?

सकाळी आठ-साडेआठला ग्राहकाचा फोन येतो, "उस्ताद, रात्री गाडी चांगली उभी केली होती. आता पाहतो तर पुढची डावी बाजू पार खाली बसली आहे." गाडी मर्सिडीज असते, ऑडी असते किंवा रेंज रोव्हर असते. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलेला आकडा ऐकून त्या माणसाचा जीव दडपलेला असतो. म्हणून गॅरेजमध्ये आल्या आल्या तो पहिला प्रश्न विचारतो, "बाहेरचा पार्ट चालेल का?"

या प्रश्नाला आपल्या बाजारात दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, "साहेब, कंपनीचाच टाका, नाहीतर मी हात लावणार नाही." दुसरा म्हणतो, "काही फरक नसतो. दिल्लीहून मागवून देतो, अर्ध्या पैशात काम होईल." पहिल्या उत्तराने ग्राहकाचे पैसे विनाकारण जाऊ शकतात. दुसऱ्याने पैसे तर जातातच, शिवाय गॅरेजचे नावही जाते. योग्य उत्तर द्यायचे तर तीन गोष्टी माहीत हव्यात : नेमका कोणता भाग बिघडला आहे, बाजारात त्याचे किती प्रकार मिळतात आणि ग्राहकाला ही गाडी किती वर्षे वापरायची आहे. याच क्रमाने हा विषय समजून घेऊ.

नागपूरच्या कारागिरांनी याकडे लक्ष देण्याचे कारण उघड आहे. पूर्वी अशा गाड्या मोजक्या लोकांकडे असत आणि त्या कंपनीच्या वर्कशॉपबाहेर जात नसत. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोहोचल्या आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध घातले, तेव्हापासून तिकडच्या जुन्या महागड्या गाड्या इतर राज्यांतही विकल्या गेल्या. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट येथील मालक अशी गाडी दुरुस्तीला नागपुरात आणतात. शिवाय नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगात सस्पेन्शनने दगा दिला तर गोष्ट पैशांची राहत नाही, जिवाची होते.

यंत्रणा कशी चालते

साध्या गाडीचे वजन लोखंडी स्प्रिंग किंवा कमानपाट्यावर असते. एअर सस्पेन्शनमध्ये ते दाबाच्या हवेवर असते. ही कल्पना नवीन नाही. मर्सिडीजने १९६१ साली ३०० एसई या मोटारीला हवेचे सस्पेन्शन दिले होते आणि १९९८ साली आलेल्या एस क्लासमध्ये 'एअरमॅटिक' ही संगणकावर चालणारी यंत्रणा बसवली. नागपूर-पुणे आणि नागपूर-हैदराबाद मार्गांवरील ट्रॅव्हल्सच्या मोठ्या बसखाली ज्यांनी काम केले आहे, त्यांना रबरी बलून चांगलेच ठाऊक आहेत. तत्त्व तेच आहे. मोटारीत मात्र जागा कमी, रबर पातळ आणि विजेचा कारभार जास्त असतो.

या यंत्रणेचे मुख्य भाग पाच. विजेवर चालणारा छोटा कंप्रेसर हवा दाबतो. त्याला जोडलेला ड्रायर हवेतील ओल शोषून घेतो. व्हॉल्व्ह ब्लॉक ही हवा नायलॉनच्या बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे वाटतो. चाकाजवळ रबरी फुगा असतो. पुष्कळ गाड्यांत हा फुगा आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून एकच स्ट्रट बनलेला असतो. पाचवा भाग म्हणजे उंची मोजणारे सेन्सर आणि त्यांच्यावरून हुकूम देणारा कंट्रोल युनिट. कंप्रेसरचा रिलेही यातच धरावा.

मोटारीच्या टायरमध्ये साधारण २.२ ते २.५ बार हवा असते. या फुग्यात तिच्या कितीतरी पट दाब असतो आणि तो फुगा प्रत्येक खड्ड्याला घडी उलगडत वर-खाली होतो. रबराला पहिली भेग बहुधा याच घडीच्या जागी जाते. ही भेग सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही, पण रात्रभरात गाडी बसवते.

आधी निदान, मग पार्ट

सर्वांत जास्त पैसे चुकीचा पार्ट बदलण्यात जातात. गाडी बसली म्हणून कंप्रेसर बदलला, महिन्याभरात नवा कंप्रेसरही जळाला, अशा तक्रारी गॅरेजवाल्यांना नवीन नाहीत. कारण सोपे आहे. फुग्यातून हवा गळत असेल तर उंची राखण्यासाठी कंप्रेसरला पुन्हा पुन्हा चालावे लागते. तो थोड्या वेळासाठीच चालण्याच्या बेताने बनवलेला असतो. सतत चालल्याने तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते, ड्रायर ओला होतो आणि शेवटी मोटर बसते. म्हणजे मूळ रोग गळतीचा असतो आणि मरतो मात्र कंप्रेसर.

तपासणी या क्रमाने करावी :

१) संध्याकाळी गाडी सपाट जागेवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. सकाळी पुन्हा मोजावे.

२) एकच कोपरा बसला असेल तर संशय त्या फुग्यावर, त्याच्या नळीवर आणि जोडावर घ्यावा. पुढची दोन्ही किंवा चारही चाके बसली असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे पाहावे. काही गाड्या बंद असतानाही स्वतःला समतल करून घेतात, म्हणून जो कोपरा बसला तोच गळतो असे डोळे मिटून मानू नये.

३) साबणाचे पाणी फवारून फुग्याची घडी, वरचे माउंटिंग, नळीचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक तपासावेत. स्कॅनर असो वा नसो, ही जुनी पद्धत सोडू नये. स्कॅनर 'दाब कमी' एवढे सांगेल, भोक दाखवणार नाही.

४) मग स्कॅनर लावून सेन्सरचे आकडे आणि नोंदलेले दोष पाहावेत. सेन्सरची बारीक दांडी निखळल्यामुळेही गाडी वाकडी उभी राहते. तिथे हजाराच्या आतले काम लाखाच्या घरात नेण्याचे पाप करू नये.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. हवेवर उभी असलेली गाडी कोणत्याही क्षणी बसू शकते. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही गाडीखाली जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत, कंपनीने सांगितल्याप्रमाणे यंत्रणा बंद करावी आणि कोणताही जोड सोडण्यापूर्वी हवा पूर्ण काढावी. शागिर्दांना हा नियम पहिल्याच दिवशी शिकवावा.

पार्टचे पाच प्रकार

'कंपनीचा' आणि 'बाहेरचा' असे दोनच भाग पाडल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. बाजारात प्रत्यक्षात पाच प्रकार मिळतात.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला पार्ट. त्यावर गाडीचे चिन्ह आणि कंपनीचा पार्ट नंबर असतो. किंमत सर्वांत जास्त, मापाची आणि जुळण्याची खात्रीही सर्वांत जास्त.

दुसरा, पुरवठादाराच्या स्वतःच्या डब्यातला. गाडीची कंपनी हे भाग बहुधा स्वतः बनवत नाही. हवेचे फुगे आणि स्ट्रट पुरवणाऱ्यांत कॉन्टिनेंटल, व्हायब्राकॉस्टिक आणि बिलस्टाइन ही मोठी नावे आहेत. कंप्रेसरमध्ये वॅबको आणि एएमके. वॅबको ही कंपनी २०२० साली झेडएफ या जर्मन उद्योगाने घेतली. यांतील काही जण तोच माल किंवा त्याच जातीचा माल स्वतःच्या नावानेही विकतात. डब्यावर तारा किंवा चार कड्या नसतात आणि किंमत कमी असते. समजदार गॅरेजवाल्याने आधी चौकशी करावी ती या प्रकाराची.

तिसरा, नावाजलेल्या आफ्टरमार्केट कंपन्यांचा. अमेरिकेतील अर्नॉट हे याचे परिचित उदाहरण. या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना माल पुरवत नाहीत, पण संशोधन करून पर्यायी पार्ट बनवतात आणि वॉरंटी देतात. वॉरंटीच्या अटी देशागणिक वेगळ्या असतात. अमेरिकेतील 'आजीवन' वॉरंटी नागपुरात लागू होईल असे समजू नये. आपल्या विक्रेत्याने बिलावर काय लिहून दिले, तेवढेच खरे.

चौथा, पुन्हा बांधलेला पार्ट. जुन्या स्ट्रटचे धातूचे शरीर ठेवून रबर, सील आणि दाबकड्या नव्या घालतात. चांगल्या कारखान्यात, दाब तपासून केलेले हे काम उत्तम चालते. मात्र हीच गोष्ट साध्या क्लॅम्पने आवळून केली तर ती काही आठवड्यांत सुटू शकते, कारण त्या कड्या यंत्राने सारख्या दाबाने बसवाव्या लागतात.

पाचवा, बिननावाचा स्वस्त माल. डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नसतो, तारीख नसते, वॉरंटी तोंडी असते. यातच एक पोटप्रकार आहे तो नकली मालाचा. डबा आणि चिन्ह नामांकित कंपनीचे, आतला माल भलताच. तो पूर्णपणे वर्ज्य समजावा.

येथे 'चीनचा माल' या शब्दाचाही विचार करू. चीनमध्ये उत्तम मालही बनतो आणि टाकाऊही. वर उल्लेखलेली जर्मन एएमके कंपनीच २०१६ साली चीनच्या झोंगडिंग या उद्योगाने विकत घेतली. म्हणून देश विचारण्यापेक्षा बनवणाऱ्याचे नाव, बनवल्याची तारीख आणि लेखी वॉरंटी विचारावी. डब्यावरील आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ हा शिक्का कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचा असतो. हातात घेतलेला पार्ट आपल्या गाडीला बसेल आणि टिकेल, याची हमी तो देत नाही.

कोणत्या जागी कोणता

आता निवडीकडे येऊ. सगळ्या गाडीसाठी एकच नियम लावू नये. एकेका भागाचा वेगळा विचार करावा.

मागचा सुटा फुगा : बीएमडब्ल्यू एक्स-५ च्या ई-७० मॉडेलसारख्या काही गाड्यांत मागे फुगा वेगळा आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळा असतो. फुग्यात विजेचा भाग नसतो. येथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा चांगला पार्ट निःशंक वापरावा. कंपनीच्या डब्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण सहसा नसते.

पुढचा एकत्र स्ट्रट : येथे सावध राहावे. यात शॉकॲब्सॉर्बरचा कडक-नरमपणा विजेने बदलणारा व्हॉल्व्ह असतो. काही स्वस्त स्ट्रटमध्ये हा व्हॉल्व्ह नसतोच. कधी तर कंट्रोल युनिटला फसवण्यासाठी त्या जागी नुसता रेझिस्टर बसवलेला असतो. दिवा लागत नाही, पण गाडी वळणावर पूर्वीसारखी बसत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच विचारावे, "डॅम्पिंगचा व्हॉल्व्ह आत आहे का? मूळ कनेक्टर जसाच्या तसा लागेल का?" उत्तर गोलमोल आले तर तो माल घेऊ नये. या जागी कंपनीचा, पुरवठादाराचा किंवा नामांकित कारखान्यात पुन्हा बांधलेला स्ट्रट योग्य.

कंप्रेसर : पुरवठादाराच्या नावाचा घ्यावा. बिननावाच्या कंप्रेसरची मोटर तापून बसण्याची भीती असते आणि विदर्भाच्या उन्हात ती आणखी वाढते. नवा कंप्रेसर लावताना रिले नवा घालावा. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले तर कंप्रेसर थांबतच नाही. आणि गळती बंद केल्याशिवाय कंप्रेसर बदलण्याचे काम अंगावर घेऊ नये, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

कंप्रेसर पुन्हा बांधण्याच्या कामात आपल्या कारागिरांना चांगली संधी आहे. मोटर शाबूत असेल तर पिस्टन रिंग, ओ-रिंग आणि ड्रायरमधील दाणे बदलून पुष्कळ कंप्रेसर पुन्हा उभे राहतात. या कामाला स्वच्छ टेबल, चांगला किट आणि धीर लागतो. मोटर वाइंडिंग आणि पंपाचे काम केलेल्या हाताला ते अवघड नाही.

व्हॉल्व्ह ब्लॉक आणि नळ्या : ब्लॉक पुरवठादाराचा घ्यावा. नळी कापली गेली असेल तर त्याच मापाची नायलॉन नळी आणि दाबासाठीच बनवलेला जोड वापरावा. पेट्रोलची रबरी नळी आणि तारेचा क्लिप हा जुगाड येथे चालत नाही.

उंचीचे सेन्सर : मूळ किंवा पुरवठादाराचे. बदलल्यावर स्कॅनरने उंचीचे माप पुन्हा शिकवावे, नाहीतर हेडलाइटही चुकीच्या उंचीवर पडतात.

ऑर्डर देताना चेसिस नंबर द्यावा. 'ई क्लास, पुढचा डावा' एवढे पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा पुढचा स्ट्रट वेगळा आणि मागची चाके ओढणाऱ्या गाडीचा वेगळा असू शकतो. एकाच ॲक्सलवर डावीकडे एका कंपनीचा आणि उजवीकडे दुसऱ्या कंपनीचा पार्टही लावू नये.

काही जण सगळे काढून लोखंडी स्प्रिंग बसवण्याचा सल्ला देतात. फार जुन्या गाडीला हा मार्ग कधी कधी परवडतो, परंतु तेव्हा गाडीचा आराम, उंची बदलण्याची सोय आणि विक्रीची किंमत जाते. मूळ रचनेतील बदलाला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते का, हे आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घेतल्याशिवाय अशा कामाला हात घालू नये.

पैशांचा हिशेब

ग्राहकाला पार्टची किंमत सांगू नये, वर्षाचा खर्च सांगावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक स्ट्रट कंपनीच्या डब्यात १०० रुपयांना, पुरवठादाराच्या डब्यात ६० रुपयांना आणि बिननावाचा ३० रुपयांना मिळतो. प्रत्येक वेळी मजुरी १५ रुपये. समजा, पहिला ८ वर्षे, दुसरा ७ वर्षे आणि तिसरा २ वर्षे टिकला. मग वर्षाचा खर्च पहिल्याचा सुमारे १४ रुपये ४० पैसे, दुसऱ्याचा १० रुपये ७० पैसे आणि तिसऱ्याचा २२ रुपये ५० पैसे येतो. सर्वांत स्वस्त दिसणारा सर्वांत महाग निघाला. त्याच्या गळतीने एखादा कंप्रेसर जळाला तर तो खर्च वेगळाच.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. ग्राहक दोन वर्षांत गाडी विकणार असेल तर त्याच्या खिशातून अनुक्रमे ११५, ७५ आणि ४५ रुपये जातील. तो ४५ वालाच मागेल. तेव्हा आपण काय करणार? त्याला साफ सांगावे की पुढच्या माणसाच्या गळ्यात हा माल पडणार आहे. आपले गॅरेज तो माल लावत नसेल तर नाही म्हणावे. पुढचा मालक हीच गाडी घेऊन आपल्याच दारात येण्याचा संभव असतो.

वर किती वर्षे टिकेल हे आकडे मानलेले आहेत. खरे आकडे आपल्याच वहीत सापडतात. प्रत्येक कामाची तारीख, मॉडेल, किलोमीटर, पार्ट कोणाचा आणि कोणत्या विक्रेत्याचा हे लिहून ठेवावे. दोन-तीन वर्षांत ही वही कोणत्याही सेल्समनच्या बोलण्यापेक्षा जास्त खरे सांगेल.

नागपूरचे ऊन आणि मालाची साठवण

ही गोष्ट पार्ट विकणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आहे. मे महिन्यात आपला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपात पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त उष्णता असते. रबर तेथे न वापरताही म्हातारे होते. फुगे आणि स्ट्रट थंड, अंधाऱ्या जागी ठेवावेत. ऊन लागू देऊ नये. वेल्डिंग आणि चालत्या विजेच्या मोटरपासून दूर ठेवावेत, कारण तिथे तयार होणारा ओझोन वायू रबराला भेगा पाडतो. तेल, डिझेल आणि ग्रीस लागू देऊ नये. जो माल आधी आला तो आधी विकावा आणि घेताना बनवल्याची तारीख पाहावी. स्वस्तात मिळालेला पाच-सात वर्षांचा जुना साठा हा सौदा नसतो.

गॅरेजवाल्यांनीही एक काळजी घ्यावी. पार्ट मुंबई-दिल्लीहून वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये येईपर्यंत गाडी पंधरा-पंधरा दिवस बसलेल्या फुग्यावर उभी राहते. त्या वजनाने चांगले फुगेही चुकीच्या जागी दुमडतात. गाडी स्टँडवर ठेवावी. नवा फुगा लावल्यावर गाडीचे वजन त्यावर टाकण्यापूर्वी त्यात हवा भरावी. रिकाम्या फुग्यावर गाडी उतरवली तर नवा पार्ट त्याच दिवशी फाटू शकतो आणि दोष मात्र पार्टला दिला जातो.

कायदा काय म्हणतो

स्पेअर पार्ट खुल्या बाजारात न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि स्कोडा याही होत्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने म्हटले. त्यावर कंपन्या अपिलात गेल्या. म्हणून ग्राहकाला या आदेशाच्या जोरावर पोकळ आश्वासन देऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचे पुस्तक आधी वाचावे. वॉरंटी संपलेल्या गाडीला हा प्रश्नच उरत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टलही सुरू केले असून त्यात मोटारींचाही समावेश आहे.

दुसरा कायदा १९९९ चा ट्रेडमार्क कायदा. 'मर्सिडीजला बसणारा फुगा' असे प्रामाणिकपणे लिहून आपला माल विकता येतो. कलम ३० मध्ये त्याला वाव आहे. पण त्याच फुग्यावर तारा छापला किंवा तारा छापलेल्या डब्यात घालून तो विकला तर कलम १०३ आणि १०४ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. विकणारा दुकानदारही यातून सुटत नाही. घाऊक विक्रेत्याचे पक्के बिल जवळ नसेल तर आपण अजाणतेपणी विकले हे सिद्ध करणे कठीण जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्याबरोबर विकणाऱ्यावर आणि सेवा देणाऱ्यावर टाकली आहे.

बिलावर काय लिहावे

या सगळ्या विषयाचे सार एका बिलात मावते. त्यावर चार गोष्टी हव्यात : पार्ट बनवणाऱ्याचे नाव, पार्ट नंबर, पाच प्रकारांपैकी कोणता प्रकार आणि वॉरंटी किती महिन्यांची. जुना पार्ट ग्राहकाला दाखवावा. पुन्हा बांधण्यासाठी तो परत द्यायचा असेल तर तसे सांगून, त्याची किंमत बिलात वजा करून घ्यावा. नव्या पार्टचा डबा ग्राहकासमोर फोडावा.

बाजाराचा माल विकणे हा गुन्हा नाही आणि त्यात कमीपणाही नाही. बाजाराचा माल कंपनीचा म्हणून विकणे ही फसवणूक आहे. आपल्याकडे व्यवहाराच्या नियमांत 'खियारे ऐब' हा अधिकार मानलेला आहे. विकतेवेळी मालात असलेला दोष नंतर उघड झाला तर खरेदीदाराला सौदा परत करता येतो. म्हणजे ऐब झाकून केलेला सौदा पुरा झालाच नाही, त्याचा हिशेब अजून बाकी आहे. लक्झरी गाडीच्या मालकाला फुगा कोणी बनवला हे कळत नसते. तो आपल्या तोंडावर विश्वास ठेवून किल्ली देतो. ती किल्ली अमानत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारले, "बाहेरचा पार्ट चालेल का?", तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याची घाई करू नये. "साहेब, आधी रात्रभर गाडी इथे राहू द्या, कुठे गळते ते पाहतो. मग तीन भाव सांगतो. कोणता पार्ट, कोणाचा, किती टिकेल, हे लिहून देतो. निवड तुम्ही करा," असे उत्तर द्यावे. एवढे बोलणारा आणि तसेच वागणारा मिस्त्री मोमिनपुऱ्यातल्या गल्लीत बसला तरी मोठ्या शोरूमचा ग्राहक पत्ता विचारत त्याच्याकडे येईल.